पीटरचा घोडा आणि त्याचा शिल्पकार

घोड्यावर बसलेल्या वीराचा पुतळा घडविणें हें शिल्पकलेंतील फार अवघड काम समजलें जातें. पुण्यास विनायकराव करमरकर यांनीं घडविलेला व १९२८ सालीं उभा राहिलेला श्रीशिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आमच्या अनेक वाचकांनीं पाहिला असेल. घोड्याचें तें प्रचंड धड, त्यावर स्वार, आणि हा सगळा भार चार बारीक पायांवर! चित्रकार कागदावर वाटेल तसा घोडा उधळवूं शकतो. शिल्पकाराला मात्र पृथ्वीच्या ओढीशीं हिशोब चुकता करावा लागतो. आणि घोडा नुसता उभा न राहतां मागच्या दोन पायांवर उसळलेला दाखवावयाचा असेल तर? युरोपांतहि असें धाडस फार थोड्यांनीं केलें. माद्रिद येथें पिएत्रो ताक्का यानें १६४० सालीं स्पेनच्या चौथ्या फिलिपचा असा पुतळा उभा केला. त्यानंतर सुमारें सवाशें वर्षांनीं एका फ्रेंच माणसानें तोच पण रशियाच्या राजधानींत लावला. त्या माणसाची आणि त्याच्या पुतळ्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

एतिएन मॉरिस फाल्कोने याचा जन्म पॅरिस शहरीं १ डिसेंबर १७१६ रोजीं एका गरीब घरांत झाला. शाळेचें सुख त्याला फारसें मिळालें नाहीं. लहानपणींच त्याला एका संगमरवर कापणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवण्यांत आलें. कामांतून उरलेल्या वेळांत हा मुलगा मातीच्या व लांकडाच्या आकृति करीत बसे. त्या पाहून लेमोयन या नामांकित शिल्पकारानें त्याला आपल्या शिष्यवर्गांत घेतलें. पुढें झाडाच्या फटींत हात अडकून सिंहाच्या तावडींत सांपडलेल्या ‘मायलो’ या ग्रीक मल्लाच्या शिल्पावरून १७५४ सालीं त्याला फ्रान्सच्या राजकीय कलापरिषदेचें सभासदत्व मिळालें. राजाची मर्जी ज्या बाईवर होती त्या मादाम द पोंपादूरसाठीं त्यानें ओंठावर बोट ठेवलेला एक खट्याळ मदन घडविला; तो इतका लोकप्रिय झाला कीं त्याच्या नकला घरोघर दिसूं लागल्या. त्याच बाईच्या वशिल्यानें १७५७ सालीं सेव्र येथील चिनीमातीच्या सरकारी कारखान्यांत मूर्तिविभागाचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि तेथें त्यानें नऊ वर्षें काढलीं.

चिनीमातीच्या बाहुल्या! ज्या माणसाच्या हातून पुढें एवढें प्रचंड काम व्हावयाचें होतें, त्याच्या आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें दिवाणखान्यांतील टेबलांवर मांडावयाच्या वीतभर मूर्तींचे नमुने करण्यांत गेलीं. पण तीं वर्षें फुकट गेलीं असें म्हणतां यावयाचें नाहीं. ह्याच काळांत त्यानें मोठ्या वयांत लॅटिन शिकून घेतलें, जुने ग्रंथ वाचले व कलेविषयीं लिहूं लागला. स्वभावानें तो काटकसरी, सरळ, कष्टाळू आणि अत्यंत तापट. कोणाची भीडभाड म्हणून त्यानें कधीं राखली नाहीं. रोममधील मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा हा सगळ्या युरोपांत आदर्श मानला जाई. फाल्कोनेनें इटलींत पाऊलहि टाकलें नव्हतें. केवळ ठसे पाहून त्यानें त्या पुजलेल्या घोड्याचे दोष काढणारा सबंध निबंध १७७१ सालीं छापला! विद्वानांचा त्याच्यावर रोष झाला नसता तरच नवल.

दिदेरो हा त्या काळचा थोर तत्त्वज्ञ व विश्वकोशकार त्याचा स्नेही होता. या दोघांचा १७६५ पासून पत्रांतून एक मोठा वाद चालला होता. दिदेरो म्हणे, कलावंत हा पुढील पिढ्यांच्या स्तुतीसाठीं झिजतो; मरणोत्तर कीर्ति हेंच त्याचें खरें वेतन. फाल्कोने म्हणे, मेल्यावर कोण काय म्हणतो तें मला ऐकूं येणार आहे काय? काम चांगलें करावें तें कामासाठीं व स्वतःच्या समाधानासाठीं. पुढच्यांच्या स्तुतीची मला पर्वा नाहीं. हा वाद रंगांत आला असतांनाच दिदेरोनें आपल्या ह्या मित्राच्या हातीं असें एक काम दिलें कीं, त्याची इच्छा असो वा नसो, पुढील पिढ्यांनीं त्याचें नांव विसरूं नये.

रशियाच्या गादीवर त्या वेळीं दुसरी कॅथरीन होती. मूळची जर्मन राजकन्या. नवऱ्याला पदच्युत करून १७६२ सालीं तिनें सत्ता हातीं घेतलेली. रक्तानें आपण रशियन नाहीं, ही उणीव तिला जाणवत असली पाहिजे. नव्या रशियाचा निर्माता जो पहिला पीटर, त्याच्या वारशावर आपला हक्क सांगावयाचा, तर त्याचें भव्य स्मारक आपल्या हातून झालें पाहिजे, असें तिनें मनाशीं ठरविलें. पीटरच्या हयातींत येऊन राहिलेल्या थोरल्या रास्त्रेल्लीनें केलेला एक अश्वारूढ पुतळा तयार पडून होता. पण तो तिला पसंत पडला नाहीं. दिदेरो आणि पॅरिसमधील रशियन वकील गोलित्सिन यांनीं फाल्कोनेचें नांव सुचविलें. इतर शिल्पकारांनीं याहून पुष्कळ मोठ्या रकमा मागितल्या होत्या. फाल्कोनेनें दोन लाख लिव्रवर करार केला. वयाच्या पन्नाशीस टेकलेला हा माणूस १७६६ च्या ऑक्टोबरांत पीटर्सबर्गला पोंचला. आठ वर्षांत काम पुरें करावयाचें ठरलें होतें. त्याच्याबरोबर त्याची शिष्या मारी-आन कोलो ही होती. तिचें वय अवघें अठरा वर्षांचें.

पुतळा कसा असावा याविषयीं सल्ला द्यावयास कोणी कमी नव्हतें. खुद्द दिदेरोनें सुचविलें कीं, भोंवतीं कारंजीं असावींत आणि रानटीपणा, प्रजेचें प्रेम, राष्ट्र यांच्या मूर्ति असाव्यात. फाल्कोनेनें साफ नकार दिला. पीटर हाच आपला विषय व पीटर हाच आपलें रूपक; त्याला इतर बाहुल्यांची सोबत नको, असें त्याचें म्हणणें. त्यानें राजाच्या हातांत राजदंडहि दिला नाहीं. एका उभ्या खडकावर घोडा चौखूर चढून गेला आहे, कड्याच्या टोकाशीं स्वारानें तो आवरला आहे, आणि उजवा हात आपल्या देशावर पसरला आहे, एवढीच कल्पना. कॅथरीनचा बांधकाम व कला खात्याचा अधिकारी बेत्स्कॉय याला मात्र मार्कस ऑरेलियसच्या धर्तीचा शांत पुतळा हवा होता. राजाचा एक डोळा आरमाराच्या कचेरीकडे व दुसरा सरकारी दप्तरांच्या इमारतीकडे असावा, अशी सूचना या गृहस्थानें केली असें सांगतात. गोष्ट खरी असो वा फाल्कोनेच्या पक्षानें रचलेली असो; कलावंतावर हुकूम चालविणाऱ्या अधिकाऱ्यांची जात सर्व देशांत एकच, एवढें तिच्यावरून दिसतें.

घोड्याचा अभ्यास त्यानें ज्या रीतीनें केला ती वाचण्यासारखी आहे. कारखान्याजवळ त्यानें खडकाच्या उताराइतकाच एक चढाव बांधविला. राजाच्या तबेल्यांतील उत्तम घोडे आणवून एका सैनिक अधिकाऱ्यानें ते भरधांव त्या चढावावर न्यावे आणि टोकाशीं मागच्या पायांवर उभे करावे. घोडा त्या स्थितींत क्षणभरच राहणार! तेवढ्या क्षणांत फाल्कोनेनें पाहावें, रेघा माराव्या आणि म्हणावें, पुन्हां. असें एक दिवस नव्हे, महिनेच्या महिने चाललें होतें. घोड्याच्या मानेचा पीळ, पोटाचे स्नायू, फुगलेल्या नाकपुड्या हीं त्या पुतळ्यांत इतकीं खरीं कां वाटतात, याचें कारण या शेंकडों उड्यांत आहे.

धडाचें काम जमलें, चेहरा जमेना. पीटरला मरून चाळीस वर्षें झालीं होतीं. फाल्कोनेनें तीन वेळां डोकें केलें आणि तिन्ही वेळां तें राणीला नापसंत पडलें. शेवटीं तें काम कोलोनें हातीं घेतलें. पीटरच्या चेहऱ्यावरून घेतलेला ठसा व जुनीं चित्रें समोर ठेवून तिनें जें मस्तक घडविलें तेंच आज त्या पुतळ्यावर आहे. मोठे वटारलेले डोळे, रुंद कपाळ, ओंठांवर करारीपणा. राणीनें तिला तहहयात वेतन बांधून दिलें. गुरूनें ही गोष्ट लपविली नाहीं, उलट सर्वत्र बोलून दाखविली, हें त्या तापट माणसाच्या जमेस धरिलें पाहिजे. घोड्याच्या मागच्या टापेखालीं चिरडलेला सर्प गोर्दियेव्ह या रशियन शिल्पकारानें केला. तो सर्प मत्सराचें व दुष्टाव्याचें रूपक म्हणून सांगितला जातो. पण त्याचें खरें काम निराळेंच आहे. घोड्याची शेंपटी त्या सर्पाला टेकते, आणि दोन पायांवर तोललेल्या त्या प्रचंड धडाला तिसरा टेंकू मिळतो!

आतां बैठकीविषयीं. घोड्याखालीं घडीव चौथरा नको, खराखुरा खडक हवा, असा फाल्कोनेचा हट्ट होता. लहान लहान शिळा जोडून तो करावा अशी त्याची प्रथम योजना होती; पण १७६८ सालीं विष्न्याकोव्ह नांवाच्या एका शेतकऱ्यानें बातमी आणिली कीं, फिनलंडच्या आखाताजवळ लाख्ता गांवच्या दलदलींत एक अवाढव्य ग्रॅनाइटचा धोंडा आहे. वीज पडून त्याचा एक तुकडा फुटला होता, म्हणून लोक त्याला ‘विजेचा दगड’ म्हणत. निम्मा जमिनींत गाडलेला, चाळीस फुटांहून अधिक लांब, वजन सुमारें १५०० टन. आणि तेथून समुद्रकिनारा सहा किलोमीटर लांब!

हा धोंडा हलवावयाचा कसा? ही युक्ति काढणारास ७००० रूबल बक्षीस जाहीर झालें. तें कार्बुरी नांवाच्या एका ग्रीक अधिकाऱ्यानें मिळविलें. गोल लांकडी ओंडक्यांवरून दगड ओढावे ही सगळ्या जगाची रीत. पण एवढ्या भाराखालीं लांकडाचा चुरा होई आणि लोखंडहि टिकत नसे. कार्बुरीनें काय केलें, तर जाड तुळयांना खांचा पाडून त्यांना धातूचें अस्तर दिलें, तशाच खांचांच्या तुळया धोंड्याच्या पाटाखालीं बसविल्या, आणि दोहोंच्या मध्यें सुमारें पांच इंच व्यासाचे काशाचे भरीव गोळे ठेवले. हल्लीं आपल्या सायकलीच्या चाकांत जे छर्रे असतात, त्यांचेंच हें थोरलें भावंड. शिवाय दलदलींत हें ओझें रुतूं नये म्हणून त्यानें थंडीची वाट पाहिली; रशियांतील हिवाळ्यानें जमीन दगडासारखी गोठविली, तेव्हांच काम सुरू केलें.

उभ्या रहाटांना दोरखंड गुंडाळून चारशें माणसें तो धोंडा ओढीत. तुळयांची वाट होती केवळ शेंदीडशें पावलांची. धोंडा पुढें सरकला कीं मागच्या तुळया उचलून पुढें मांडावयाच्या. धोंड्याच्या माथ्यावर ढोल वाजविणारे उभे असत. त्यांच्या इशाऱ्यावर सगळ्यांनीं एकदम जोर करावयाचा. त्याच माथ्यावर अवजारें दुरुस्त करण्यासाठीं लोहाराची भट्टीहि पेटलेली असे, आणि चालत्या धोंड्यावरच पाथरवट छिन्न्या मारीत असत. हा देखावा पाहावयास शहरांतून लोकांच्या झुंडी येत. १७७० च्या जानेवारींत खुद्द राणी येऊन गेली. किनाऱ्यावर त्यासाठीं मुद्दाम एक मोठा तराफा बांधला, आणि तो बुडूं नये म्हणून दोन्ही बाजूंस एकेक लढाऊ जहाज बांधून तो नेवा नदींतून शहरांत आणला. त्याच वर्षाच्या शरदऋतूंत धोंडा जागेवर उतरला. राणीनें त्याच्या स्मरणार्थ पदक पाडलें. कार्बुरी पुढें आपल्या जन्मभूमीच्या बेटावर परतला व तेथें १७८२ सालीं मजुरांच्या हातून मारला गेला.

यानंतरचें काम अधिक जिवावरचें होतें. मेणाचा साचा करून धातु ओतण्याची विद्या आपल्या इकडे जुनीच आहे. चालुक्य राजा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत तिची कृति सांगितली आहे, आणि आपल्या देवघरांतील बाळकृष्ण त्याच विद्येचें लेंकरूं. मूर्तीचा आकार मेणांत करावयाचा, त्यावर माती लिंपावयाची, भट्टींत मेण वितळून गेलें कीं राहिलेल्या पोकळींत तापलेला रस सोडावयाचा. वीतभर मूर्तीला हें ठीक आहे. येथें मूर्ति सतरा फुटांहून उंच! शिवाय तोल राखण्यासाठीं पुढच्या बाजूस धातूची जाडी एक सेंटिमीटरहूनहि कमी ठेवावयाची व मागच्या बाजूस ती वाढवीत न्यावयाची. मागच्या पायांत वर लोखंड घालावयाचें. पॅरिसहून आणलेला ओतारी एर्समन हें पाहून कचरला आणि शेवटीं १७७४ सालीं त्याला रजा द्यावी लागली. दुसरा कोणी मिळेना. तेव्हां साठीच्या घरांत आलेल्या फाल्कोनेनें, ज्यानें आयुष्यांत असें ओतकाम केलें नव्हतें, तें स्वतःच्या अंगावर घेतलें. मदतीला तोफखान्यांतील एक ओतारी, एमेल्यान खाइलॉव्ह.

तारीख २५ ऑगस्ट १७७५. भट्ट्या पेटल्या, रस सुटला, खालचा भाग व्यवस्थित भरूं लागला. इतक्यांत साच्याची एक नळी फुटली आणि उकळता रस बाहेर उसळून कारखान्याला आग लागली. जो तो जीव घेऊन पळाला. फाल्कोनेहि बाहेर धांवला. एकटा खाइलॉव्ह जागेवरून हलला नाहीं. त्यानें अंगावरचें कापड भिजवून, माती लावून तें भगदाड बुजविलें, सांडलेला रस गोळा करून पुन्हां साच्यांत घातला, आणि त्या भरांत तो स्वतः भाजून निघाला. आग विझल्यावर फाल्कोनेनें त्याला कवटाळून त्याचे मुके घेतले व आपल्या खिशांतून बक्षीस दिलें. पुतळ्याचा खालचा मोठा भाग खाइलॉव्हमुळें वांचला होता. वरचा भाग, म्हणजे स्वाराचें व घोड्याचें मस्तक आणि त्यांच्या लगतचा अंश, बिघडला होता. तो कापून काढून १७७७ सालीं पुन्हां ओतावा लागला.

मधल्या दोन वर्षांत या परदेशी माणसाची दरबारांत जी थट्टा झाली असेल ती कल्पनेनेंच जाणावी. बेत्स्कॉय तर टपलेलाच होता. आरंभीं फाल्कोनेला वरचेवर पत्रें लिहिणारी राणीहि आतां थंडावली होती. तिचें लक्ष दुसरीकडे वळलें होतें. राणीच्या मर्जीवर उभारलेलें काम राणीची मर्जी उतरली कीं असेंच पोरकें होतें. घरांतहि सुख नव्हतें. फाल्कोनेचा मुलगा चित्रकार होता; तो १७७३ सालीं बापाकडे आला. त्याच वर्षीं दिदेरो इतक्या लांबून पीटर्सबर्गला आला, तों मित्राच्या घरीं आपल्यासाठीं राखलेली खोली मुलाला दिलेली त्याला दिसली! दिदेरो दुखावला व दुसऱ्याकडे उतरला. त्यानें पुतळ्याचा नमुना पाहून स्तुति केली, हें त्याच्या मोठेपणाला साजेसेंच झालें. पण स्नेहाला पडलेली चीर सांधली गेली नाहीं.

१७७८ च्या सप्टेंबरांत फाल्कोने रशिया सोडून निघाला. पुतळा तयार होता. तो खडकावर चढविण्याचें काम फेल्टेन या वास्तुशिल्पकाराकडे गेलें. आठ वर्षांचें काम बारा वर्षें चाललें आणि कर्त्याला तें पुरें झालेलें पाहावयास मिळालें नाहीं. चार वर्षांनीं, पीटर गादीवर आल्याला शंभर वर्षें झालीं तेव्हां, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें ७ ऑगस्ट १७८२ रोजीं, नेवेच्या काठीं फौजेच्या सलामींत स्मारकाचें अनावरण झालें. फाल्कोनेला निमंत्रण नव्हतें. खडकावर चारच शब्द आहेत: पहिल्या पीटरला दुसरी कॅथरीन; एका बाजूस लॅटिनमध्यें व एका बाजूस रशियनमध्यें. शब्दरचना मूळ फाल्कोनेचीच होती. त्यांतील ‘उभारलें’ हें क्रियापद राणीनें खोडलें. तेवढ्यानें मजकूर किती वजनदार झाला! एका शब्दाच्या वजाबाकींत राणीनें आपलें नांव पीटरच्या शेजारीं नेऊन बसविलें.

राणीनें मागाहून एक सोन्याचें व एक रुप्याचें पदक गोलित्सिनच्या हातीं फाल्कोनेकडे पाठविलें. तें हातांत घेतांना तो रडला. कीर्तीची पर्वा नाहीं असें पानेंच्या पानें लिहिणारा हा माणूस! पुढल्याच वर्षीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, त्यानें अखेर इटली पाहण्याचें ठरविलें. मे १७८३ मध्यें, निघण्याच्या दिवशींच, त्याला अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षें तो अंथरुणाला खिळून होता. डोकें शाबूत, हात निकामी. २४ जानेवारी १७९१ रोजीं पॅरिसमध्यें त्याचा अंत झाला. पॅरिसच्या देवळांत त्यानें केलेलीं बहुतेक शिल्पें त्या सुमाराच्या राज्यक्रांतींत नष्ट झालीं.

त्या आठ वर्षांत त्याची शुश्रूषा कोलोनें केली. १७७७ सालीं तिचें लग्न फाल्कोनेच्या मुलाशीं झालें होतें. तो संसार सुखाचा झाला नाहीं; नवरा सोडून ती मुलीसह गुरूकडे, म्हणजे सासऱ्याकडेच, परत आली होती. तिनें १८२१ पर्यंत आयुष्य काढलें. एवढी बुद्धि असलेल्या या बाईच्या हातून या उत्तरकाळांत फारसें शिल्प झालें नाहीं, ही हळहळ आमच्या भगिनीवाचकांना अधिक समजेल.

पुतळ्याचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १८१२ सालीं नेपोलियनच्या भीतीनें तो हलविण्याचें घाटत होतें. तेव्हां एका मेजरला स्वप्नांत पीटर घोड्यावरून रस्त्यांत आलेला दिसला व आपण येथें आहों तोंवर शहराला भय नाहीं असें म्हणाला, अशी आख्यायिका आहे. पुतळा जागेवरच राहिला. १८२५ च्या डिसेंबरांत बंडखोर पलटणी त्याच्याच भोंवतीं उभ्या राहिल्या व तोफांनीं उधळल्या गेल्या. १८२४ च्या महापुराची पार्श्वभूमि घेऊन पुश्किन कवीनें १८३३ सालीं त्यावर काव्य लिहिलें, आणि तेव्हांपासून सगळे त्याला ‘ब्राँझचा स्वार’ म्हणूं लागले. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ पासून जर्मनांनीं शहराला वेढा दिला, तेव्हां लोकांनीं तो वाळूनें व फळ्यांनीं झांकून टाकला. जवळजवळ नऊशें दिवसांच्या त्या उपासमारींतून व भडिमारांतून तो सुरक्षित बाहेर आला. १९७६ सालीं मोठी दुरुस्ती करतांना आंतील लोखंडी सांगाडा किरणांनीं तपासण्यांत आला. घोडा अजून त्याच दोन पायांवर, त्याच शेंपटीच्या टेंकूवर उभा आहे.

पीटरच्या पाठीवर जो लांब झगा पडला आहे त्याच्या एका घडींत लॅटिन अक्षरें कोरलेलीं आहेत. खालीं उभे राहणाराला तीं दिसत नाहींत. पॅरिसच्या एतिएन फाल्कोनेनें हा पुतळा घडविला व ओतला, साल १७७८, असा त्यांचा अर्थ. खाइलॉव्हचें नांव त्यांत नाहीं.